सहावा मजला, लिफ्ट नाही

पॅरिसमध्ये घराची जाहिरात तीन शब्दांत होते. पार्के, मुल्यूर, शमिने. म्हणजे लाकडी जमीन, छताच्या कडेची प्लास्टरची नक्षी आणि संगमरवरी फायरप्लेस. आपल्याकडे 'ईस्ट-वेस्ट, चोवीस तास पाणी, स्टेशनपासून पाच मिनिटं' असं एका दमात म्हणतात ना, तसंच. हे तीन शब्द असले की भाडं चढतं. नसले की एजंट 'भरपूर उजेड' वगैरे लिहायला लागतो.

आपल्याकडे 'फ्रेंच स्टाइल' म्हटलं की डोळ्यांसमोर वेगळंच काहीतरी येतं. मॉलमधल्या होम स्टोअरमध्ये मुद्दाम खरवडलेल्या पांढऱ्या रंगाचं कपाट, लव्हेंडरची फुलं छापलेली उशी आणि भिंतीवर चिकटवायचा आयफेल टॉवर. जून 2023 मध्ये मी बारा दिवस पॅरिसला होते. बारा दिवसांत एकाही घरात भिंतीवर आयफेल टॉवर दिसला नाही. (खिडकीतून दिसत असेल तर गोष्ट वेगळी. त्या घराचं भाडंही वेगळं.)

मी उतरले होते मैत्रिणीकडे. मास कॉमला दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसायचो. ती आता तिथल्या एका जाहिरात कंपनीत आहे. तिची खोली सहाव्या मजल्यावर, थेट छपराखाली. क्षेत्रफळ 11 चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबात 118 स्क्वेअर फूट. त्यात बेड, सिंक, दोन शेगड्या, शॉवरची एक काचेची पेटी आणि तीन खोके. खोके बंद, टेप लावलेले, वर पुण्याच्या कुरियरचं स्टिकर अजून तसंच. तीन वर्षांत ते तिनं उघडलेच नव्हते. एकावर ती इस्त्री करायची, दुसऱ्यावर लॅपटॉप.

"उघडत का नाहीस?" मी विचारलं.

"जायचंय ना परत कधीतरी. उगाच पसारा कशाला?"

मला हसता येईना. अंधेरीत माझ्याही तीन फ्रेम्स गेली दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून जमिनीवर उभ्या आहेत. अकरा महिन्यांचा करार, आणि घरमालकांची पहिली अट: भिंतीला खिळा नाही. चार वर्षांतलं हे माझं तिसरं घर. आपण सगळेच जिथे राहतो तिथे पाहुण्यासारखे राहतो आणि 'स्वतःचं घर झालं की बघू' म्हणतो. तिच्यापुढे तर प्रश्न अजून टोकदार होता. पुण्यातून एक नोकरी चालून आली होती, आई रोज फोनवर आठवण करून देत होती, आणि तिच्या फर्निश्ड खोलीचा वर्षाचा करार पुढच्या महिन्यात आपोआप वाढणार होता. सोडायची तर एक महिन्याची नोटीस द्यायची. नोटीसचं पत्र तिनं लिहून ठेवलं होतं, फ्रिजवर चुंबकाखाली.

तर अशा घरातून निघून मी रोज फ्रेंच घरं बघायला जायचे.

एकाच बिल्डिंगमध्ये सगळं शहर

आज आपण ज्याला पॅरिस म्हणतो ते बऱ्याच अंशी एका सरकारी अधिकाऱ्याचं काम आहे. बॅरन ऑस्मान. 1853 ते 1870 या काळात तिसऱ्या नेपोलियनच्या हुकमावरून त्यानं जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले आणि दोन्ही बाजूंना फिक्या पिवळसर दगडाच्या, एका उंचीच्या, एका रेषेत बाल्कन्या असलेल्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्या मैत्रिणीची इमारत त्यातलीच.

या इमारती खालून वर वाचायच्या असतात. तळमजल्यावर दुकानं. दुसरा मजला सगळ्यात श्रीमंत, कारण लिफ्टच्या आधीच्या काळात तिथवर दम न लागता जाता यायचं आणि रस्त्याची घाण, आवाजही जरा लांब राहायचे. म्हणून छत तिथे सगळ्यात उंच, नक्षी सगळ्यात भरगच्च, आणि बाहेर लांबलचक बाल्कनी. जसजसं वर जावं तसतसं छत खाली येतं, नक्षी पातळ होते. अगदी वर, जस्ताच्या पत्र्याच्या छपराखाली, मोलकरणींच्या खोल्या. त्यांना म्हणतात 'शांब्र द बॉन'. शब्दशः अर्थ, कामवालीची खोली. त्यांच्यासाठी मागच्या बाजूला वेगळा, अरुंद, गोल फिरत जाणारा जिना. पुढच्या जिन्यावर लाल गालिचा, मागच्या जिन्यावर घसरगुंडी.

आता त्या खोल्यांत विद्यार्थी राहतात, नव्यानं नोकरीला लागलेले राहतात, आणि आपली मैत्रीण. कायद्यानं राहायची खोली किमान 9 चौरस मीटर आणि 2.20 मीटर उंच असावी लागते (किंवा मग 20 घनमीटर तरी), म्हणजे मैत्रीण तशी ऐसपैसच राहत होती म्हणायचं. जूनच्या दुपारी ते जस्त असं तापतं की खोलीत पापड वाळावेत. गंमत म्हणजे हीच जस्ताची छपरं घालण्याचं कसब डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. मी तिला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "वारशात बसून घाम पुसतेय."

दुसरा मजलाही बघायला मिळाला. तिच्या ऑफिसातल्या एका सिनियर बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं होतं. इमारत तशीच, गल्ली वेगळी. आणि इथे मला कळलं की ते तीन शब्द का महत्त्वाचे आहेत.

जमीन कुरकुरते. ओकच्या लाकडाच्या तिरक्या पट्ट्या, टोकाला टोक जुळवलेल्या, माशाच्या काट्यासारख्या. चाललं की प्रत्येक पाऊल ऐकू येतं, आणि बाई म्हणाल्या, मुलगी रात्री किती वाजता आली ते अंथरुणातूनच कळतं. भिंती पांढऱ्या, पण हॉस्पिटलवाल्या नाहीत, सायीच्या रंगाच्या. फायरप्लेस कधीच बंद झालेली, आत पुस्तकं रचलेली. आणि फायरप्लेसच्या वर, जवळजवळ छतापर्यंत, सोनेरी चौकटीचा आरसा.

हा आरसा म्हणजे सगळ्या पॅरिसचा फंडा आहे. त्याच्यामागे मोठं राजकारण आहे. सतराव्या शतकात मोठे आरसे बनवायची कला व्हेनिसवाल्यांकडे होती आणि ते ती कुणाला देत नव्हते. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर यानं 1665 मध्ये राजाश्रयानं फ्रान्सचा स्वतःचा आरशांचा कारखाना काढला आणि व्हेनिसचे कारागीर फोडून आणले. त्या कारखान्यातून पुढे सें-गोबँ कंपनी झाली. हो, तीच सेंट गोबेन, जिची काच आज आपल्या ऑफिसच्या टॉवरला असते. 1684 मध्ये व्हर्सायच्या महालात 357 आरशांचं दालन तयार झालं, आणि राजाच्या घरी आलं म्हटल्यावर मग सरदारांच्या, मग व्यापाऱ्यांच्या, मग सगळ्यांच्या घरी आरसा आला. तोंड बघायला नव्हे हं. खिडकीसमोर आरसा लावला की उजेड दुप्पट होतो. विजेचे दिवे नव्हते तेव्हा मेणबत्त्याही दुप्पट व्हायच्या. एक बीएचके वाल्यांनो, ऐकताय ना?

दिव्यांचंच बोलायचं तर त्या घरात छताचा दिवा कुणी लावलाच नाही. संध्याकाळ झाली तशा बाई उठल्या आणि एकेक करून पाच छोटे दिवे लावत गेल्या. कोपऱ्यातला, पुस्तकांजवळचा, खिडकीपाशी जमिनीवर ठेवलेला. आपल्याकडे दिवेलागणीला ट्यूब लागते आणि सगळं घर एकदम ऑपरेशन थिएटर होतं. इथे उजेड जिथे हवा तिथेच आणि बाकी अंधार तसाच राहू दिलेला.

जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या, एकही जोडी नाही. एक वाकड्या पायांची, फुगीर, पंधराव्या लुईच्या काळातल्या नमुन्याची. एक सरळ, रेघारेघांच्या पायांची, पाठ अंडाकृती, ती सोळाव्या लुईची. त्याच आकाराची एक पारदर्शक प्लास्टिकची, फिलिप स्टार्कनं 2002 मध्ये काढलेली 'लुई घोस्ट'. आणि एक पत्र्याची. ती बघून मी ओरडलेच, कारण ती मी बांद्र्यापासून कोरेगाव पार्कापर्यंत प्रत्येक कॅफेत बघितलीय. पाठ गोल, बसायला भोकं पाडलेली, एकावर एक रचता येणारी. झाव्हिए पोशार नावाच्या बर्गंडीतल्या पत्र्याच्या कारागिरानं 1930 च्या दशकात ती कारखान्यांसाठी आणि कॅफेंच्या फुटपाथांसाठी बनवली. गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा. टॉलिक्स तिचं नाव. आपल्याकडच्या तिच्या जुळ्या बहिणींना कुणी नाव विचारत नाही.

"सेट का नाही घेतला?" मी विचारलं. मैत्रिणीनं भाषांतर केलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. मग त्या म्हणाल्या, एक आजीची, एक फुटपाथवर सापडली, एक घटस्फोटात मिळाली. सेट कुठून असणार?

पिसवांचा बाजार

शनिवारी सकाळी मेट्रोची 4 नंबरची लाइन पकडून पोर्त द क्लिन्याँकूर. उतरल्यावर आधी नकली बूट आणि मोबाईलची कव्हरं विकणाऱ्यांची गर्दी लागते. तिथून परत फिरू नका. फ्लायओव्हर ओलांडला की सें-तुआंचा जुना बाजार सुरू होतो, सात हेक्टरांवर पसरलेला.

याला म्हणतात 'पिसवांचा बाजार', आणि नाव उगाच पडलेलं नाही. हा बाजार वसवला भंगारवाल्यांनी. रात्री कंदील आणि आकडा घेऊन पॅरिसच्या कचऱ्यातून चिंध्या, हाडं, भांडी वेचणारे हे लोक. 1883 मध्ये पूबेल नावाच्या प्रशासकानं फर्मान काढलं की प्रत्येक इमारतीनं कचरा झाकणाच्या डब्यात भरून ठेवायचा. वेचणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. (पूबेलसाहेबांना त्याचं बक्षीसही मिळालं: फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला आजही 'पूबेल' म्हणतात.) हे लोक शहराच्या तटाबाहेर सरकत गेले, तिथल्या मोकळ्या जागेत माल मांडू लागले, आणि 1885 हे या बाजाराचं अधिकृत जन्मवर्ष मानतात. रविवारी शहरातले शौकीन लोक तिथे फिरायला जाऊ लागले, चिंध्यांच्या ढिगात एखादं चित्र सापडलं म्हणून बोलू लागले, आणि भाव वाढले. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार फिरलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. फक्त इथे गाळेवाला दुपारी बारा वाजता गाळ्यातच टेबल मांडून वाइन उघडतो आणि गिऱ्हाईक बाहेर थांबतं.

आत खरं म्हणजे एक नाही, डझनभर बाजार आहेत. 1920 मध्ये सुरू झालेला व्हेर्नेझों सगळ्यात जुना. बोळ इतके अरुंद की दोघांनी समोरासमोर आलं तर एकानं गाळ्यात शिरायचं. बटणं, किल्ल्या, झुंबराचे सुटे लोलक, दरवाज्याच्या मुठी. मुठींच्या गाळ्यापुढे मी अर्धा तास होते. पॉल बेर आणि सेर्पेतमध्ये मात्र हवा बदलते. तिथे इंटिरियर डिझायनर्स येतात, न्यूयॉर्कहून फोनवर फोटो जातात, आणि किंमत विचारायची असेल तर आधी श्वास घ्यावा.

सेर्पेतमधल्या एका गाळ्यात मला घरचं माणूस भेटलं. सागवानी खुर्ची, वेताची बैठक, पाय उलट्या व्ही सारखे. चंदीगडची खुर्ची! पिएर जानरे हा ल कॉर्बुझिएचा चुलतभाऊ. 1951 मध्ये चंदीगड वसवायला आला आणि 1965 पर्यंत तिथेच राहिला. सरकारी ऑफिसं, कॉलेजं, वाचनालयं, सगळ्यांसाठी स्थानिक सुतारांकडून स्वस्तात बनवून घेता येईल असं फर्निचर त्यानं आखलं. 1967 मध्ये तो गेला, आणि त्याच्या अस्थी नंतर चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. इतका तो तिथला झाला होता. पुढे खुर्च्या मोडल्या, वेत फाटला, सरकारी खात्यांनी त्या भंगारात काढल्या, आणि पॅरिसच्या डीलर मंडळींनी लिलावात उचलून पॉलिश करून त्यांना आर्ट करून टाकलं. 2011 मध्ये आपल्या गृह मंत्रालयानं या वस्तू विकायला, बाहेर न्यायला आडकाठी घातली, तोवर भरपूर माल गेला होता. या खुर्चीवर कुणा क्लार्कच्या ऑफिसचा पांढऱ्या रंगातला नंबर अजून होता. डीलरनं तो मुद्दाम ठेवला होता, कारण त्या नंबरामुळे किंमत वाढते. किंमत चार आकडी, युरोत. बसून बघू का विचारलं, तर तो म्हणाला नको.

भंगारवाल्यांनी वसवलेल्या बाजारात आपलं भंगार असं बसू न देण्याइतकं मोठं झालेलं बघून अभिमान वाटावा की राग यावा, मला ठरवता आलं नाही. दोन्ही थोडं थोडं वाटलं. मैत्रिणीला मात्र राग आला. "सगळं इथे आलं की किमती होतं. मी सोडून," ती म्हणाली.

आजीचं चीट

फ्रेंच घराचं अजून एक ओळखीचं चिन्ह म्हणजे 'त्वाल द जुई'. सायीच्या रंगाच्या सुती कापडावर एकाच रंगात, बहुतेक लाल किंवा निळ्या, बारीक रेषांची चित्रं. मेंढपाळ, झोके, उडते फुगे, देवळांचे भग्न खांब. पडद्यांना, उशांना, कधी कधी अख्ख्या खोलीच्या भिंतींना. बघितल्यावर वाटतं, याहून फ्रेंच काय असणार?

तर ऐका. सतराव्या शतकात कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून, सुरतेवरून छापील सुती कापड युरोपात जाऊ लागलं. धुतलं तरी रंग जात नाही, हलकं, फुलाफुलांचं. फ्रेंच बायका वेड्या झाल्या. त्याला नावच पडलं 'इंदिएन', म्हणजे भारतीय. रेशीम आणि लोकर विणणाऱ्यांनी बोंब मारली आणि 1686 मध्ये फ्रान्सनं हे कापड आणायला आणि देशात छापायला बंदी घातली. बंदी टिकली 1759 पर्यंत, म्हणजे त्र्याहत्तर वर्षं. बंदीनं काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. चोरून माल येत राहिला, बायका घरात नेसत राहिल्या. दरम्यान 1742 मध्ये पुद्दुचेरीकडच्या फादर कर्दू नावाच्या मिशनऱ्यानं तिथल्या रंगाऱ्यांकडून सगळी कृती विचारून घेतली, तुरटी कधी, किती वेळा धुवायचं, सगळं, आणि पत्रानं फ्रान्सला कळवली. आजच्या भाषेत, रेसिपी लीक.

बंदी उठल्यावर लगेच 1760 मध्ये ओबरकाम्फ नावाच्या बाविशीतल्या जर्मन पोरानं व्हर्सायजवळच्या जुई-आं-जोझास गावात छपाई सुरू केली. धुवायला बिएव्र नदी, वाळवायला कुरणं. पुढे तांब्याच्या पत्र्यावर कोरून बारीक चित्रं छापायचं तंत्र आलं आणि फुलांच्या जागी मेंढपाळ आले. कारखान्यात हजाराहून जास्त माणसं होती. 1843 मध्ये तो बंद पडला. आता गावात एका छोट्या महालात म्युझियम आहे आणि पॅरिसमध्ये ओबरकाम्फ नावाचं मेट्रो स्टेशन, जिथे शुक्रवारी रात्री बारमध्ये जायला गर्दी असते.

म्युझियममध्ये जुने इंदिएनचे तुकडे काचेमागे लावलेत. मी बघत उभी राहिले. तांबडी जमीन, वेल, बुटके मोर. आजीच्या ट्रंकेत अगदी तळाला असायचं तसं. आजी त्याला चीट म्हणायची. इंग्रजीतलं 'चिंट्झ' याच शब्दापासून झालं. मैत्रिणीनं काचेवर नाक टेकवलं आणि म्हणाली, "माझ्या खोक्यात आहे असलं एक. गोधडी आहे." कुठल्या खोक्यात, तिला आठवेना.

जिथे काही हलवायचं नाही

पार्क मोंसोच्या कडेला, 63 रु द मोंसो या पत्त्यावर एक घर आहे. पॅरिसमध्ये मी बघितलेलं सगळ्यात सुंदर घर तेच, आणि ते बघितल्यावर दिवसभर मला बोलावंसं वाटलं नाही. (2024 च्या ऑगस्टमध्ये ते मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झालं, तेव्हा जाण्याआधी उघडं आहे का ते बघून घ्या.)

मोईझ द कामोंदो हा इस्तंबूलमधल्या ज्यू बँकर घराण्यातला. 1869 मध्ये हे कुटुंब पॅरिसला आलं, तेव्हा तो नऊ वर्षांचा. मोठेपणी त्याला वेड लागलं ते अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंचं. 1911 ते 1914 मध्ये त्यानं वाडवडिलांचं घर पाडून नवं बांधलं, आणि आधीच जमवलेल्या जुन्या लाकडी भिंतींच्या मापानं खोल्या आखल्या. म्हणजे बघा, घरात बसेल असं सामान नाही, सामानाला बसेल असं घर. गालिचे, घड्याळं, लिहायची मेजं, सगळं जिथल्या तिथे. एक छोटी खोली फक्त चिनी मातीच्या भांड्यांची, प्रत्येक बशीवर वेगळा पक्षी. एकटा जेवायचा असेल तेव्हा तो त्या पक्ष्यांमध्ये बसून जेवायचा. आणि मागे स्वयंपाकघर मात्र तेव्हाचं एकदम लेटेस्ट: पांढऱ्या टाइल्स, लोखंडाची अवाढव्य शेगडी, तांब्याची पातेली उतरंडीनं लावलेली.

हे सगळं होतं मुलासाठी, निसिमसाठी. तो पहिल्या महायुद्धात वैमानिक होता. 5 सप्टेंबर 1917 ला त्याचं विमान पडलं. मोईझ अजून अठरा वर्षं त्या घरात राहिला, वस्तू जमवतच राहिला, आणि 1935 मध्ये जाताना मुलाच्या नावानं सगळं देशाला देऊन गेला. अट एकच: काही हलवायचं नाही, कुणाला उसनं द्यायचं नाही. 1936 मध्ये म्युझियम उघडलं.

मुलगी बेआत्रिस राहिली होती. नवरा, दोन मुलं. फ्रेंच समाजात मुरलेली, घोडेस्वारीची शौकीन, आपल्याला कोण हात लावतंय अशा समजुतीत. नाझींच्या काळात चौघांनाही पकडून पॅरिसजवळच्या द्रांसीच्या छावणीत ठेवलं आणि तिथून आउशवित्झला पाठवलं. कुणी परत आलं नाही. घराणं संपलं. हे दाराशी एका पाटीवर लिहिलंय, चार ओळींत. ती वाचून आत गेलं की खुर्च्यांच्या सरळ रांगांकडे बघवत नाही. बापानं ज्या देशासारखं दिसायला एवढं जिवापाड घर सजवलं, त्या देशाच्या पोलिसांनी मुलीला पकडून दिलं. घर मात्र त्यांनी शब्दाप्रमाणे जपलं, एक बशी इकडची तिकडे नाही.

बाहेर बागेच्या बाकावर आम्ही बराच वेळ बसलो. मैत्रीण म्हणाली, "त्यानं तरी काय करायला हवं होतं? खोकी बंद ठेवायला हवी होती?" मला उत्तर सुचलं नाही. आम्ही सँडविच खाल्लं.

माळा रिकामा करणे आहे

शेवटच्या रविवारी तिच्याच गल्लीत 'व्हिद-ग्रेनिए' होतं. शब्दशः, माळा रिकामा करणं. राहणारी माणसं आपापल्या घरातलं नको ते फुटपाथवर मांडतात. एका माणसाला वर्षातून दोनदाच असं विकायची परवानगी, म्हणजे धंदेवाले घुसायला नकोत. इथे भाव बाजारासारखे नसतात. एक आजोबा गालिच्याच्या तुकड्यावर चमचे, एक रेडिओ आणि हातभर उंचीचा आरसा मांडून बसले होते. चौकटीचा सोनेरी रंग उडालेला, काचेवर काळे ठिपके. वीस म्हणाले, मैत्रिणीनं दहा म्हटलं, बारावर ठरलं. घासाघीस करताना तिचं फ्रेंच एकदम सदाशिव पेठी झालं.

सहा मजले, मागचा गोल जिना. ती पुढे, मी मागे, आरसा मध्ये, शेवाळी शर्टात गुंडाळलेला. तिसऱ्या मजल्यावर थांबून मी विचारलं की भिंतीला भोक पाडायला मालक काही म्हणणार नाही का? ती म्हणाली, इथे 1989 चा कायदा आहे. भिंत पाडायची नाही, पण फ्रेम लावायची, रंग द्यायचा तर भाडेकरूला विचारावं लागत नाही. जाताना भोकं बुजवून द्यायची. मी तिसऱ्या मजल्यावर दोन मिनिटं जास्त थांबले.

वर गेल्यावर हातोडी कुठेय यावरून शोधाशोध झाली. हातोडी नव्हतीच. मग तिनं एका खोक्याची टेप फाडली, कारण त्यात खलबत्ता असल्याचं तिला आठवत होतं. खलबत्त्याच्या आधी गोधडी निघाली, मग मसाल्याचा डबा, मग दोन वर्षांपूर्वी मुदत संपलेलं मेतकूट. बत्ता सगळ्यात खाली होता.

खिडकीच्या समोरची भिंत ठरली. तिनं खिळा धरला आणि बत्त्यानं दोन घाव घातले. तिसऱ्या घावाला शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर धाडधाड वाजवलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी ओरडलं.

"काय म्हणतोय?"

"रविवार आहे, ठोकाठोक बंद कर म्हणतोय." आणि तिनं चौथा घाव घातला.